प्रागैतिहासिक सरपटणारे प्राणी विषारी होते का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पावसाळा लागला की आरे, येऊर आणि बोरिवलीच्या बाजूने सापांचे फोटो येऊ लागतात आणि त्यांच्या मागोमाग, विशेषतः शाळकरी मुलांकडून व त्यांच्या पालकांकडून, डायनोसॉरच्या काळातील विषाबद्दलचे प्रश्नही येतात. त्यांपैकी पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न येथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. जेथे विषय दुसऱ्या उत्तरात येऊन गेला आहे तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. विषारी सरपटणारा प्राणी नेमका कोणाला म्हणायचे?

ज्या प्राण्याच्या शरीरात विष तयार करणारी ग्रंथी असते आणि ते विष जखमेवाटे दुसऱ्याच्या शरीरात पोहोचवण्याची सोयही असते, त्याला या पानावर विषारी म्हटले आहे. आपल्याकडचे नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चार साप त्याचे नेहमीचे उदाहरण. जो प्राणी खाल्ल्याने किंवा हाताळल्याने बाधतो तो वेगळ्या प्रकारात मोडतो. त्याबद्दल प्रश्न १७ पाहावा.

२. लाखो वर्षांपूर्वीच्या हाडांमध्ये विष शिल्लक राहते का? नसेल तर शास्त्रज्ञ सांगतात कशावरून?

विष राहत नाही. विष हे मुख्यतः प्रथिनांचे मिश्रण असते आणि कोट्यवधी वर्षांत ते पूर्णपणे नष्ट होते. विषाची ग्रंथी मांसल असल्यामुळे तीही दगडात उतरत नाही. हाती राहतात ते दात, जबडे आणि कवटीतील खळगे, आणि त्यांवरून तीन गोष्टी शोधल्या जातात. दातावर किंवा दातात विष वाहून नेणारी पन्हळ अथवा नळी आहे का, ही पहिली. ग्रंथी मावेल असा खळगा कवटीत आहे का आणि तो एखाद्या मार्गाने दाताशी जोडलेला आहे का, ही दुसरी. त्या प्राण्याचे आज जिवंत असलेले नातेवाईक विषारी आहेत का, ही तिसरी. या तिन्हींचे वजन सारखे नाही. दातातील बंद नळी हा सर्वांत भक्कम पुरावा, उघडी पन्हळ त्याखालोखाल, आणि केवळ नातेसंबंधावरून काढलेला निष्कर्ष सर्वांत सैल. पुढील बहुतेक उत्तरांमध्ये खरा प्रश्न हाच आहे की, दावा करणाऱ्यांकडे या तिन्हींपैकी किती गोष्टी आहेत.

३. विषदंत साध्या दातापेक्षा वेगळा कसा दिसतो?

धामणीचा जबडा आणि नागाचा जबडा शेजारी ठेवून भिंगातून पाहिले तर फरक लगेच कळतो. धामणीचे दात बारीक, मागे वळलेले आणि जवळजवळ एकसारखे असतात. त्यांचे काम भक्ष्य निसटू न देण्याचे. नागाच्या वरच्या जबड्यात पुढच्या बाजूला दोन दात उठून दिसतात. ते फार लांब नसतात. पण प्रकाश तिरका पाडून पाहिले तर त्यांच्या पुढच्या अंगावर वरून खाली जाणारी एक बारीक शिवण दिसते. दाताची पन्हळ दोन्ही कडांनी वळून जेथे मिटली, त्याची ती खूण असते. शिवणीच्या वरच्या टोकाला विष आत शिरण्याचे भोक आणि खाली, टोकाच्या थोडे आधी, बाहेर पडण्याचे भोक असते. अगदी टोकावर भोक असते तर दात बोथट झाला असता, म्हणून ते किंचित वर असते. घोणशीचा विषदंत बराच लांब असून तोंड मिटल्यावर तो टाळूला समांतर आडवा होतो. मांजऱ्या सापाचे विषदंत जबड्याच्या मागील भागात असतात आणि त्यांची पन्हळ उघडीच राहते.

आज जिवंत सापांमध्ये उघडी पन्हळ आणि बंद नळी हे दोन्ही प्रकार पाहायला मिळतात, म्हणूनच जीवाश्मातील दात पाहताना कोणत्या टप्प्यावरचा दात आहे याचा अंदाज करता येतो.

४. दातावर पन्हळ दिसली म्हणजे प्राणी विषारी होता, एवढे पुरेसे नाही का?

नाही, आणि या विषयातील बहुतेक घाईचे दावे येथेच फसले आहेत. बबून माकडांच्या सुळ्यांवर ठळक पन्हळी असतात आणि बबून विषारी नाहीत. अनेक मांसभक्षक डायनोसॉरांच्या दातांवरही उभ्या रेषा आणि उथळ खाचा आढळतात. अशी घडण दाताला बळकटी देण्यासाठी असू शकते किंवा तो जबड्यात घट्ट बसावा म्हणूनही.

२०२१ साली ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी सापांच्या विषदंतांच्या उगमाचा अभ्यास प्रसिद्ध केला. सापांच्या दातांच्या मुळाशी आतील थराला घड्या असतात, आणि त्या घड्या बिनविषारी सापांतही असतात. त्यांचा मूळ उपयोग दात जबड्याला पक्का चिकटवण्याचा असावा. त्यांपैकी एखादी घडी मोठी होऊन वर टोकापर्यंत पोहोचली आणि जवळच विषग्रंथी असली, तर तिची पन्हळ होते, असा त्यांचा निष्कर्ष आहे. याचा अर्थ पन्हळ आधी आणि विष नंतर, असाही क्रम शक्य आहे. म्हणून पन्हळ किती खोल आहे, ती मुळापासून टोकापर्यंत सलग जाते का, आणि त्याच जबड्यातील सर्व दातांवर सारखीच आहे की काही ठरावीक दातांवरच, हे पाहिल्याशिवाय निर्णय देऊ नये.

५. विषाचा सर्वांत जुना खात्रीचा पुरावा कोणत्या सरपटणाऱ्या प्राण्याचा आहे?

वाचिटोडॉन या प्राण्याचा. तो ट्रायासिक काळाच्या उत्तरार्धात, म्हणजे सुमारे २२ कोटी वर्षांपूर्वी, उत्तर अमेरिकेत राहत होता. गंमत अशी की या प्राण्याचे दातांखेरीज काहीच सापडलेले नाही. तो दिसत कसा होता, केवढा होता, हे कोणालाच सांगता येत नाही. हान्स-डीटर सूस यांनी १९९१ साली व्हर्जिनियातील दातांवरून त्याला नाव दिले. त्या दातांच्या दोन्ही अंगांना खोल पन्हळी होत्या. पुढे २०१० साली नॉर्थ कॅरोलिना आणि ॲरिझोना येथील दातांवरून त्याच्या दुसऱ्या जातीचे वर्णन प्रसिद्ध झाले, आणि या जातीत पन्हळी पूर्णपणे मिटून त्यांच्या बंद नळ्या झालेल्या होत्या, खाली विष बाहेर पडण्याच्या भोकांसह.

एकाच वंशाच्या दोन जातींमध्ये उघड्या पन्हळीपासून बंद नळीपर्यंतचा प्रवास दिसावा, हे फार दुर्मीळ आहे. भ्रूणावस्थेतील सापाच्या विषदंताची वाढ होताना जे टप्पे दिसतात, साधारण तेच येथे भूगर्भीय काळात दिसतात. बंद नळीचा विष वाहून नेण्याखेरीज दुसरा पटणारा उपयोग अजून कोणी सुचवलेला नाही, त्यामुळे दातांखेरीज काहीही हाती नसताना हा दावा टिकून आहे.

२०२४ साली ॲरिझोनातील ट्रायासिक खडकांतून मायक्रोझेमिओटेस या आणखी एका चिमुकल्या सरपटणाऱ्या प्राण्याचे वर्णन झाले. त्याच्या खालच्या जबड्याचा एक तुकडा मिळाला असून दातांवर पन्हळी आहेत. म्हणजे त्या काळात विष वापरणारा वाचिटोडॉन एकटाच नसावा.

६. दक्षिण आफ्रिकेतील युचेंबर्सिया याहून जुना आहे ना? मग त्याला पहिला मान का देत नाही?

जुना आहे, पर्मियन काळाच्या अखेरचा, सुमारे २५.५ कोटी वर्षांपूर्वीचा. पण तो काटेकोर अर्थाने सरपटणारा प्राणी नाही. जुन्या पुस्तकांत त्याच्या गटाला ‘सस्तन प्राण्यांसारखे सरीसृप’ म्हणत असत. आज तो गट सस्तन प्राण्यांच्या शाखेत धरतात. तो नागापेक्षा आपल्याला जवळचा, असे म्हटले तरी चालेल.

रॉबर्ट ब्रूम यांनी १९३१ साली त्याचे वर्णन केले. त्याच्या वरच्या जबड्यात सुळ्याच्या मागे एक मोठा खळगा आहे, आणि त्यात विषग्रंथी असावी ही कल्पना जुनीच आहे. २०१७ साली जोहान्सबर्गच्या संशोधकांनी उपलब्ध दोन्ही कवट्यांचे सीटी स्कॅन केले, तेव्हा त्या खळग्यातून सुळ्याच्या मुळाकडे जाणारे सूक्ष्म मार्ग आढळले आणि सुळ्याच्या पृष्ठभागावर कंगोरेही दिसले. पुरावा चांगला आहे. मात्र सुळ्यात नळी नाही आणि हाती अवघ्या दोनच कवट्या आहेत. ‘बहुधा विषारी’ एवढे म्हणणे मला योग्य वाटते.

७. चित्रपटात दाखवलेला डायलोफोसॉरस खरोखरच विष थुंकत होता का?

हा प्रश्न सर्वाधिक वेळा येतो. १९९३ साली आलेल्या हॉलिवूडच्या प्रसिद्ध डायनोसॉरपटात गळ्याभोवतीची झालर फुलवून डोळ्यांवर विष थुंकणारा जो छोटा डायनोसॉर दिसतो, त्याची झालरही काल्पनिक आहे आणि विषही. खरा डायलोफोसॉरस ॲरिझोनात, ज्युरासिक काळाच्या पूर्वार्धात राहत होता. त्याची लांबी सुमारे ७ मीटर होती, आणि आपल्या काळात त्या प्रदेशातील तो सर्वांत मोठ्या शिकारी प्राण्यांपैकी एक होता. २०२० साली त्याच्या सर्व महत्त्वाच्या सांगाड्यांचे सविस्तर पुनर्वर्णन प्रसिद्ध झाले. त्यातून दिसतो तो मजबूत जबड्याचा शिकारी. विषदंत नाहीत, ग्रंथीचा खळगा नाही, झालरीला आधार देणारी हाडे नाहीत.

विष थुंकण्यासाठी तर आणखी खास रचना लागते. आफ्रिका व आशियातील थुंकणाऱ्या नागांच्या विषदंताचे भोक पुढच्या दिशेला उघडते आणि ग्रंथीवर स्नायूंचा जोरदार दाब पडतो, तेव्हा कोठे विषाची चिळकांडी उडते. आपल्याकडचा नेहमीचा नाग सहसा थुंकत नाही.

८. मग एकाही डायनोसॉरबद्दल शास्त्रज्ञांनी गंभीरपणे असा दावा केलेला नाही का?

केला आहे. चीनमधील लिआओनिंग प्रांतातील सिनॉर्निथोसॉरस हा पिसे असलेला, सुमारे १२.५ कोटी वर्षांपूर्वीचा लहानसा डायनोसॉर. २००९ च्या अखेरीस चीन आणि अमेरिकेतील एका गटाने असे मांडले की त्याच्या वरच्या जबड्यातील काही दात विलक्षण लांब व पन्हळीदार आहेत, जबड्याच्या बाजूला ग्रंथी बसेल असा खळगा आहे, आणि त्या खळग्यापासून दातांच्या मुळांपर्यंत एक चर जाते. पक्ष्यांच्या दाट पिसांतून आत शिरण्यासाठी हे लांब दात आणि त्यांना ढिले करण्यासाठी विष, असे चित्र त्यांनी उभे केले. वर्तमानपत्रांत त्याला भरपूर जागा मिळाली.

दुसऱ्याच वर्षी अर्जेंटिनातील संशोधकांनी एकेक मुद्दा तपासला. दात लांब दिसतात, कारण प्राणी मेल्यानंतर ते खोबणीतून निसटून खाली सरकले आहेत आणि एरवी जबड्यात दडलेले मूळ उघडे पडले आहे. दातांवरच्या पन्हळी इतर मांसभक्षक डायनोसॉरांमध्येही सर्रास आढळतात (प्रश्न ४). आणि जो खळगा ग्रंथीसाठी असल्याचे म्हटले गेले, तसे खळगे त्याच्या नातेवाइकांच्या कवट्यांतही हवेच्या पोकळ्यांशी संबंधित म्हणून ओळखीचे आहेत. मूळ गटाने आपली बाजू नंतरही मांडली. पण बहुतेक तज्ज्ञांना ती पटलेली नाही आणि मलाही अर्जेंटिनाच्या बाजूचे म्हणणे सरस वाटते. निसटलेल्या दाताचा मुद्दा तर छायाचित्र पाहूनही कोणाच्या ध्यानात येईल.

९. मगर विषारी नाही आणि पक्षीही नाहीत. मग डायनोसॉर विषारी असणे अशक्यच, असे म्हणता येईल का?

अशक्य म्हणता येणार नाही. हा तर्क मात्र चांगला आहे. डायनोसॉरांचे सर्वांत जवळचे जिवंत नातेवाईक एका बाजूला मगरी व दुसऱ्या बाजूला पक्षी. हाडांत न टिकणारे एखादे वैशिष्ट्य या दोन्ही गटांत असेल तर ते डायनोसॉरांतही असावे, आणि दोन्ही गटांत नसेल तर डायनोसॉरांत ते असल्याचा दावा करणाऱ्याने वेगळा, ठोस पुरावा द्यावा, असा त्यामागचा नियम. विष चाव्यावाटे सोडणारी मगरही नाही आणि पक्षीही नाही. म्हणून सिद्ध करण्याचे ओझे दावा करणाऱ्यावर येते.

पण कोणत्याही वंशात एखादी नवी क्षमता स्वतंत्रपणे निर्माण होऊ शकते. सस्तन प्राण्यांकडे पाहिले तर कोणीही म्हणेल की ते विषारी नसतात, आणि तरीही प्लॅटिपस व काही चिचुंद्र्या विषारी आहेत. शिवाय वाचिटोडॉन (प्रश्न ५) हा मगरी व डायनोसॉर ज्या मोठ्या शाखेतून आले तिच्याच जवळचा असावा, असे काही अभ्यासकांचे मत आहे. न्यू गिनीतील पिटोहुई पक्ष्याच्या पिसांत व कातडीत विष असते, हे १९९२ साली जगापुढे आले. पण तो चावून विष सोडत नाही, त्यामुळे त्याचा दाखला येथे लागू होत नाही.

१०. डायनोसॉरांच्या काळातील सरड्यांमध्ये तरी विषाचा पुरावा आहे का?

आहे, आणि तो दुर्लक्षित आहे. मंगोलियातील गोबी वाळवंटात, क्रिटेशियस काळाच्या उत्तरार्धातील खडकांत एस्टेसिया नावाचा मोठा सरडा सापडला. १९९२ साली त्याचे वर्णन झाले तेव्हाच त्याच्या दातांवरील पन्हळींकडे लक्ष वेधले गेले होते. त्याचे आजचे नातेवाईक म्हणजे अमेरिका व मेक्सिकोतील गिला मॉन्स्टर आणि मणीदार सरडा. हे दोन्ही खात्रीने विषारी असून त्यांचे विष खालच्या जबड्यातील ग्रंथीतून पन्हळीदार दातांवाटे चढते. म्हणजे येथे दाताची घडण आणि नातेसंबंध दोन्ही एकाच दिशेला बोट दाखवतात. व्हेलोसिरॅप्टर गोबीत फिरत होता त्याच सुमाराचा हा विषारी शेजारी. पण चित्रपटात त्याला अजून कोणी घेतलेले नाही.

जाता जाता सांगायचे तर गिला मॉन्स्टरच्या विषारी लाळेतील एका घटकाच्या अभ्यासातून मधुमेहावरील एक्झेनेटाइड हे औषध तयार झाले आणि अमेरिकेत त्याला २००५ साली मान्यता मिळाली.

११. घोरपड विषारी असते असे हल्ली वाचायला मिळते. हे खरे आहे का, आणि याचा प्रागैतिहासिक काळाशी काय संबंध?

माणसाच्या दृष्टीने घोरपड धोकादायक विषारी प्राणी नाही. तिचा चावा वेदनादायक असतो, जखमेत जंतुसंसर्ग होऊ शकतो, आणि ती जखम डॉक्टरांना दाखवायला हवी. पण त्यासाठी सर्पदंशावरची लस देत नाहीत.

गोंधळ आला तो एका मोठ्या सिद्धान्तातून. २००५ साली जनुकांच्या आधारे असे दिसले की साप, घोरपडीचा गट आणि सरड्यांचा गट हे एकमेकांचे जवळचे नातेवाईक आहेत. या एकत्रित शाखेला टॉक्सिकोफेरा म्हणतात. २००६ साली ब्रायन फ्राय व सहकाऱ्यांनी मांडले की या शाखेच्या सामाईक पूर्वजाच्या तोंडातच सुमारे २० कोटी वर्षांपूर्वी विषाची सुरुवात झाली, आणि म्हणून घोरपडींच्या व काही सरड्यांच्या तोंडातील ग्रंथींतही सापाच्या विषाशी मिळतीजुळती प्रथिने आढळतात. हे खरे असेल तर त्या शाखेतील असंख्य नामशेष प्राण्यांकडे थोडेफार विष होते असे मानावे लागते.

यावर आक्षेपही तेवढेच गंभीर आहेत. २०१४ साली ब्रिटनमधील एका गटाने दाखवले की विषाची मानलेली यांपैकी बरीच जनुके शरीराच्या इतर भागांतही सक्रिय असतात. म्हणजे ती रोजच्या कामाची साधी जनुके असू शकतात. नात्याबद्दल आता फारसा वाद नाही. विषाचा उगम एकदाच झाला की अनेकदा, यावर आहे.

घोरपड वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये पहिल्या अनुसूचीत आहे. तिला पकडणे, मारणे किंवा तिचे अवयव विकणे हा गुन्हा आहे, मग कारण विषाची भीती असो वा औषधाची अंधश्रद्धा.

१२. पाल आणि सापसुरळीचे काय?

दोन्ही बिनविषारी. गंमत म्हणजे लोक जिला सर्वाधिक घाबरतात ती पाल आणि सापसुरळी, या दोन्हींचे गट टॉक्सिकोफेरा शाखेच्या बाहेर आहेत. कुंपणावरचा निरुपद्रवी सरडा मात्र त्या शाखेच्या आत येतो.

१३. मेगालेनिया हा जगातील सर्वांत मोठा विषारी प्राणी होता, हे विधान बरोबर आहे का?

ते शक्यता म्हणून मांडले तर बरोबर आहे, सिद्ध झालेली गोष्ट म्हणून नाही. मेगालेनिया ही ऑस्ट्रेलियातील महाकाय घोरपड. रिचर्ड ओवेन यांनी १८५९ साली तिला नाव दिले. तिच्या लांबीचे अंदाज सुमारे ४ मीटरपासून ७ मीटरपर्यंत जातात, कारण पूर्ण सांगाडा मिळालेला नाही. २००९ साली कोमोडो ड्रॅगन या आज जिवंत असलेल्या सर्वांत मोठ्या घोरपडीच्या खालच्या जबड्यात विषग्रंथी असल्याचे दाखवणारा अभ्यास आला. त्या विषाने रक्त गोठायचे थांबते आणि रक्तदाब उतरतो. मेगालेनिया कोमोडोची जवळची नातेवाईक असल्याने तीही विषारी असावी, असे त्याच अभ्यासात म्हटले होते. म्हणजे हा प्रश्न २ मधील तिसऱ्या प्रकारचा पुरावा झाला. दातांवर पन्हळ नाही. शिवाय कोमोडोच्या शिकारीत विषाचा वाटा किती आणि धारदार दातांनी केलेल्या खोल जखमांचा किती, यावरच तज्ज्ञांचे एकमत नाही. २०२४ साली कोमोडोच्या दातांच्या धारेवर लोहाचा नारिंगी थर आढळला, तेव्हा दातांच्या बाजूचे पारडे आणखी थोडे जड झाले.

१४. टी. रेक्सच्या तोंडातील कुजक्या मांसामुळे त्याचा चावा विषासारखा होता असे ऐकले आहे. ते कितपत खरे?

ही कल्पना १९९० च्या दशकाची. टी. रेक्सच्या दातांच्या कातर कडांत मांसाचे कण अडकून जंतू वाढत असावेत असे तेव्हा सुचवले गेले, आणि त्यासाठी दाखला दिला गेला तो कोमोडोच्या ‘घाणेरड्या’ तोंडाचा. पुढे २०१३ साली प्राणिसंग्रहालयांतील कोमोडोंच्या तोंडातील जंतू तपासले गेले तेव्हा ते इतर मांसभक्षकांपेक्षा विशेष वेगळे निघाले नाहीत. आधारच निखळल्यावर टी. रेक्सची गोष्टही टिकत नाही. हाडे फोडणारा जबडा असलेल्या प्राण्याला जंतूंची वाट पाहत बसण्याची गरजही नव्हती.

१५. समुद्रातील मोसासॉर विषारी असू शकतील का? ते तर सापांचे आणि घोरपडींचे नातेवाईक होते.

प्रश्न चतुर आहे. मोसासॉर हे टॉक्सिकोफेरा शाखेतच मोडतात, आणि प्रश्न ९ मधील नियम येथे लावला तर उत्तर डायनोसॉरांच्या उलट येते, कारण साप आणि घोरपडी या दोन्ही बाजूंना विषाशी संबंधित ग्रंथी आहेत. म्हणून मोसासॉरांच्या तोंडात तशा ग्रंथी असणे नात्याच्या हिशेबाने शक्य आहे. पण त्यांचे दात जाड शंकूसारखे, पकडण्यासाठी व फोडण्यासाठी घडलेले आहेत. विष वाहून नेणारी पन्हळ किंवा नळी त्यांत दिसत नाही. समुद्रातील इतर सरपटणारे प्राणी, म्हणजे इक्थिओसॉर व प्लेसिओसॉर, आणि आकाशातील टेरोसॉर यांच्याबद्दल असा कोणताही पुरावा नाही.

१६. भारतात सापडलेले ‘वासुकी’ आणि डायनोसॉरच्या घरट्यातील साप विषारी होते का?

दोन्हींबाबत विषाचा पुरावा नाही. कच्छमधील पानंध्रो येथील लिग्नाइटच्या खाणीत मिळालेला वासुकी सुमारे ४.७ कोटी वर्षांपूर्वीचा. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या वर्णनात त्याची लांबी ११ ते १५ मीटर असावी असे म्हटले आहे. सापडले ते केवळ मणके, दात नाहीत. पण एवढ्या जाडजूड शरीराचा साप अजगराप्रमाणे विळखा घालून मारणारा असावा. गुजरातेतीलच सनाजेह हा सुमारे ३.५ मीटर लांबीचा साप डायनोसॉरच्या अंड्यांभोवती वेटोळे घातलेल्या अवस्थेत दगडात गोठला. धनंजय मोहबे यांना हा नमुना मिळाला होता आणि त्यात साप आहे हे पुढे ओळखले गेले. वर्णन २०१० साली आले. नुकतेच अंड्याबाहेर आलेले पिल्लू गिळायला विषाची गरज नव्हती. हे दोन्ही साप मॅडत्सोइडी किंवा त्यांच्या जवळच्या, आता नामशेष झालेल्या गटांतील आहेत.

विषदंत असलेल्या सापांचे जीवाश्म मात्र बरेच अलीकडचे आहेत. जर्मनीतील सुमारे २.३ कोटी वर्षांपूर्वीचे विषदंत आजच्या घोणस व नाग यांच्या कुळांतील विषदंतांपासून जवळजवळ वेगळे ओळखता येत नाहीत. याचा अर्थ विषदंताची रचना त्याच्या बरीच आधी पूर्णत्वाला पोहोचलेली होती.

१७. खाल्ल्यावर बाधणारे, म्हणजे अंगात विष बाळगणारे सरपटणारे प्राणी पूर्वी होते का?

असतीलही, पण हाडांवरून ते कळण्याचा मार्ग नाही. आज आशियातील काही साप विषारी बेडूक खाऊन त्यांचे विष मानेवरील ग्रंथींत साठवतात. त्यांचे सांगाडे पाहून कोणालाही याचा पत्ता लागणार नाही.

१८. दाताऐवजी नखात किंवा अंगठ्याच्या काट्यात विष असू शकेल का?

इग्वानोडॉन या वनस्पतिभक्षक डायनोसॉरच्या अंगठ्यावरील मोठ्या काट्याबद्दल एकेकाळी असे सुचवले गेले होते. त्याला नाव देणाऱ्या गिडियन मँटेल यांनी सुरुवातीला तो काटा त्याच्या नाकावर बसवला होता हे प्रसिद्धच आहे, तेव्हा त्या काट्याच्या नशिबी तर्कवितर्क पहिल्यापासूनच आले. पण तो आतून पोकळ नाही आणि त्यावर विष वाहील अशी पन्हळही नाही. प्लॅटिपस नराच्या मागील पायाच्या काट्यातून विष येते खरे. त्या काट्यात नळी असते आणि ती मांडीतील ग्रंथीशी जोडलेली असते. सरपटणाऱ्या प्राण्यांत असे उदाहरण जिवंतांतही नाही आणि जीवाश्मांतही नाही. ड्रोमिओसॉरांच्या, म्हणजे व्हेलोसिरॅप्टर व त्याच्या नातेवाइकांच्या, पायाच्या विळ्यासारख्या नखाबाबतही हेच उत्तर.

१९. मुंबईत असे जीवाश्म सापडू शकतात का? मुलांना कोठे नेता येईल?

विषारी सरपटणाऱ्या प्राण्याचे जीवाश्म मुंबईत सापडलेले नाहीत. मुंबईचा बहुतेक खडक लाव्हाचा आहे, आणि गिल्बर्ट हिलसारख्या बेसाल्टच्या खांबांमध्ये हाडे शोधण्यात अर्थ नाही. लाव्हाच्या दोन थरांमधल्या काळात साचलेल्या गाळात मात्र जीवाश्म सापडतात. वरळीच्या अशाच थरांतील चिमुकल्या बेडकाचे वर्णन रिचर्ड ओवेन यांनी १८४७ साली केले, म्हणजे मेगालेनियाला नाव देण्याच्या १२ वर्षे आधी. मुंबईच्या या थरांतून कासवेही मिळाली आहेत. बेडूक असेल तेथे त्याला खाणारे सापही असतील असे वाटणे स्वाभाविक आहे, पण तो केवळ तर्क झाला.

सर्वांत जवळचे मोठे डायनोसॉर स्थळ गुजरातेत, बालासिनोरजवळ रैयोली येथे आहे.

२०. सापाचा नातेवाईक नसलेल्या, तुआतारासारख्या प्राण्यात विष असल्याचा दावा वाचला. तो कोणता?

तो स्फेनोव्हिपेराचा दावा. मेक्सिकोतील ज्युरासिक काळातील हा लहान प्राणी न्यूझीलंडच्या, सरड्यासारख्या दिसणाऱ्या तुआताराच्या गटातला. २००५ साली त्याचे वर्णन करताना खालच्या जबड्याच्या पुढील भागातील दोन पन्हळीदार दातांवरून त्याला विषारी ठरवले गेले. तुआतारा बिनविषारी आहे, ग्रंथीचा खळगा दाखवलेला नाही, आणि जबडा एकच आहे. प्रश्न ४ मधील कसोट्या लावल्या तर एकच अर्धवट उत्तीर्ण होते: पन्हळ ठरावीक दातांवरच आहे. एवढ्यावर त्याला संशयिताच्या यादीत ठेवावे, त्याहून पुढे नेऊ नये.

२१. कोमोडोच्या दातांवर पन्हळ नाही आणि तरी त्याच्याकडे विष आहे. मग ज्यांच्या दातांवर पन्हळ नाही असे किती प्राणी आपण चुकून बिनविषारी ठरवले असतील?

या पानावरील सर्वांत अवघड प्रश्न हाच आहे. कोमोडोच्या ग्रंथीतून निघालेल्या नलिका दातांच्या मधल्या फटींत उघडतात आणि विष लाळेबरोबर जखमेत मिसळते. दाताला त्यासाठी वेगळी घडण लागत नाही. उद्या कोमोडो केवळ जीवाश्म म्हणून आपल्यापुढे आला असता तर त्याच्या कवटीवरून कोणीही त्याला विषारी म्हटले नसते. म्हणून ‘पुरावा नाही’ आणि ‘विष नव्हते’ ही दोन विधाने वेगळी ठेवावी लागतात. सरडे-सापांच्या शाखेतील प्राण्यांबाबत अशी चूक होण्याची शक्यता बरीच आहे, कारण तेथे ग्रंथी असणे अपेक्षितच आहे. डायनोसॉरांबाबत ती पुष्कळ कमी आहे, कारण त्यांच्या दोन्ही बाजूंच्या नातेवाइकांत अशा ग्रंथी नाहीत. याचा लाभ घेऊन कोणत्याही प्राण्याला मनाला येईल ते विष चिकटवता येणार नाही. मेगालेनियासाठी कोमोडोचा दाखला चालतो, डायलोफोसॉरससाठी चालत नाही.